विमान वडोदऱ्याला गेले. आराखडा कोणाकडे आहे?

ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्रात जो राजकीय धुरळा उडाला, तो वाचकांच्या स्मरणात असेल. भारतीय हवाई दलासाठी सी-२९५ जातीची मालवाहू विमाने तयार करणारा टाटा आणि एअरबस यांचा कारखाना नागपूरच्या मिहान प्रकल्पात येणार, असे राज्याचे उद्योगमंत्री सप्टेंबर महिन्यात सांगत होते. महिनाभरातच तो गुजरातेत वडोदरा येथे होणार असल्याचे जाहीर झाले आणि ३० ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते त्याची कोनशिलाही बसली. विरोधी पक्षांनी ‘प्रकल्प पळविला’ अशी हाकाटी केली. सत्ताधाऱ्यांनी ‘निर्णय तर २०२१ मध्ये, तुमच्याच राजवटीत झाला’ असे उत्तर दिले. नागपूरपासून अमरावती दीडशे आणि अकोला अडीचशे किलोमीटर. तेव्हा वऱ्हाडातील शिकलेल्या, पण बेकार असलेल्या तरुणांना या कारखान्याची आशा वाटली असेल आणि तो गेल्याचा संताप आला असेल, तर त्यात गैर काहीच नाही. ज्या प्रदेशाच्या वाट्याला महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेपासून आश्वासने आणि अनुशेष याखेरीज फारसे काही आले नाही, त्याने एवढाही राग करू नये असे कोण म्हणेल?

परंतु राग योग्य असला म्हणजे प्रश्नही योग्य असतो असे नाही. ‘नागपूर की वडोदरा’ हा प्रश्न सत्ताधारी आणि विरोधक या दोघांनाही सोयीचा आहे, कारण त्या आरडाओरडीत त्याहून मोठा प्रश्न कोणी विचारीतच नाही. या विमानाचा आराखडा कोणाच्या मालकीचा आहे? त्यात फेरफार करून नवी आवृत्ती काढण्याचा हक्क कोणाचा आहे? आणि भारताच्या सार्वजनिक क्षेत्राला या कामातून हेतुपुरस्सर बाहेर का ठेवण्यात आले? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज कारखाना नागपूरला आला काय किंवा वडोदऱ्याला गेला काय, देशाच्या आर्थिक स्वावलंबनाच्या दृष्टीने फरक थोडाच पडतो, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

कराराचा अर्थ

प्रथम व्यवहार काय आहे ते पाहू. २४ सप्टेंबर २०२१ रोजी भारत सरकारने ५६ विमानांचा करार केला. किंमत सुमारे २१,९३५ कोटी रुपये. यांतील १६ विमाने स्पेनमधील सेव्हिल येथून तयार स्थितीत यावयाची होती. त्यांतील पहिले सप्टेंबर २०२३ मध्ये आणि शेवटचे ऑगस्ट २०२५ मध्ये ताब्यात आले. उरलेली ४० वडोदऱ्यात तयार व्हावयाची. त्या कारखान्याचे उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत आणि स्पेन या दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी केले. नियोजनानुसार तेथील पहिले विमान सप्टेंबर २०२६ चे आणि चाळिसावे ऑगस्ट २०३१ चे आहे.

विमान चांगले आहे, याविषयी वाद नाही. ५ ते १० टन माल, ७१ सैनिक किंवा सुमारे ५० छत्रीधारी सैनिक ते नेऊ शकते. मागच्या बाजूस खाली उघडणारा रॅम्प असल्याने वाहन थेट आत चढविता येते आणि माल हवेतून सोडता येतो. अपुऱ्या, कच्च्या धावपट्टीवरूनही त्याचे काम चालते. पुरात, भूकंपात अन्नधान्य आणि औषधे पोचविण्यासही असेच विमान लागते. युद्धखर्चाला तत्त्वतः विरोध करणाऱ्या माणसालाही ज्याचा उपयोग मान्य करावा लागेल, अशा मोजक्या सैनिकी साधनांपैकी हे एक आहे.

आता सरकारनेच प्रसिद्ध केलेला तपशील बारकाईने वाचावा. १३,४०० हून अधिक सुटे भाग, ४,६०० उपजुळण्या आणि सातही मोठे सांगाडे भारतात तयार होतील. स्पेनमध्ये एका विमानावर जितके श्रमतास खर्च होतात त्यांपैकी ९६ टक्के येथे होतील, असे त्यात म्हटले आहे. हे आकडे प्रभावी आहेत. पण त्याच निवेदनात पुढे असेही आहे की इंजिने, चाकांची यंत्रणा, उड्डाणाची इलेक्ट्रॉनिक उपकरणे इत्यादी एअरबस पुरविणार आणि टाटा ती बसविणार. याचा अर्थ असा की श्रमाचे तास आपले. पण ज्या भागांत ज्ञानाचे मोल साठलेले असते ते बाहेरचे. श्रमतासांची टक्केवारी आणि मूल्याची टक्केवारी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. सरकारने पहिली मोठ्या अक्षरांत छापली आणि दुसरीविषयी मौन पाळले.

रोजगाराचेही तसेच. ज्या कारखान्यासाठी दोन राज्ये हमरीतुमरीवर आली, त्यातून थेट निर्माण होणाऱ्या उच्च कौशल्याच्या नोकऱ्या सरकारी अंदाजानुसार ६०० आहेत. अप्रत्यक्ष नोकऱ्या ३,००० हून अधिक आणि मध्यम कौशल्याच्या आणखी ३,०००. सहाशे कुटुंबांची चूल पेटणे ही क्षुल्लक बाब नव्हे. पण मागास प्रदेशाचा अनुशेष यातून भरून निघेल असे जे भासविले गेले, ते निव्वळ मृगजळ होते.

कानपूरचा धडा

सी-२९५ ज्याची जागा घेत आहे ते अ‍ॅव्हरो ७४८ हे विमान. त्याचा इतिहास आजच्या राज्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. ब्रिटनच्या अ‍ॅव्हरो कंपनीचा हा आराखडा भारताने १९५९ मध्ये परवान्यावर घेतला, तेव्हा मूळ विमान हवेत उडालेही नव्हते; ते जून १९६० मध्ये उडाले. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री होते. कानपूरला हवाई दलाच्याच आवारात, एअर व्हाइस मार्शल हरजिंदर सिंग यांच्या देखरेखीखाली विमान उत्पादन डेपो उभा राहिला आणि १ नोव्हेंबर १९६१ रोजी पहिले भारतीय बनावटीचे अ‍ॅव्हरो आकाशात गेले. हवाई दलाचे दिवंगत प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या स्मरणार्थ त्याचे नाव ‘सुब्रतो’ ठेवण्यात आले. १९६४ मध्ये हा डेपो हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये विलीन झाला. त्याच काळात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, हेही महाराष्ट्रीय वाचकांना आठवत असेल. सार्वजनिक क्षेत्राने विमाने करून दाखविली आणि तीही आपल्याकडे धड मोटारी होत नव्हत्या अशा काळात, ही वस्तुस्थिती आहे.

कानपूरने एकूण ८९ अ‍ॅव्हरो बांधली. काही इंडियन एअरलाइन्सला आणि बहुतेक हवाई दलाला दिली. परंतु त्याच वीस वर्षांत आराखड्याच्या मालकांनी काय केले ते पाहावे. ब्रिटनने त्याच मूळ विमानापासून मागे रॅम्प असलेले आणि माल चढविताना चाकांवर ‘गुडघे टेकणारे’ अँडोव्हर काढले. सागरी टेहळणीची आवृत्ती काढली. अखेर लांबी वाढवून नव्या इंजिनांचे एटीपी हे विमान काढले. एका आराखड्याची तीन-चार अपत्ये झाली. आपल्याकडे फार तर मागच्या बाजूस मोठे मालदार बसविलेली सैनिकी आवृत्ती झाली. रॅम्प कधीच आला नाही. आणि पुढे अ‍ॅव्हरो बदलले पाहिजे असे म्हणताना जी उणीव प्रामुख्याने पुढे करण्यात आली ती नेमकी हीच, की त्याला रॅम्प नाही.

एक प्रयत्न मात्र झाला आणि तो विसरता कामा नये. संरक्षण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अ‍ॅव्हरोच्या पाठीवर रडारची फिरती तबकडी बसवून हवाई टेहळणीचे विमान तयार करण्याचा प्रकल्प हाती घेतला होता. ११ जानेवारी १९९९ रोजी तमिळनाडूत अरक्कोणमजवळ ते विमान कोसळले आणि त्यातील आठही जण मृत्युमुखी पडले. त्यांत शास्त्रज्ञ होते. त्यानंतर तो प्रकल्प थांबला. पुढे ‘नेत्र’ ही टेहळणी यंत्रणा आपल्याच शास्त्रज्ञांनी सिद्ध केली, पण ती ज्या विमानावर बसविली ते ब्राझीलचे. रडार आपले आणि पंख परक्याचे, अशी ही अवस्था आहे.

अंटोनोव्ह-३२ ची कथा याहून बोलकी आहे. उष्ण हवेत आणि हिमालयाच्या उंचीवर काम देईल असे मालवाहू विमान आपल्याला हवे होते. सोव्हिएत संघाने अंटोनोव्ह-२६ च्या सांगाड्यावर अधिक शक्तीची इंजिने पंखांच्या वरच्या अंगाला बसवून नवी आवृत्ती काढली. ती १९७६ मध्ये उडाली आणि १९८४ पासून आपल्याकडे येऊ लागली. गरज आपली, पैसा आपला, पर्वत आपले. आराखडा मात्र कीव्हच्या कचेरीतला. परिणाम काय झाला? २००९ मध्ये या विमानांच्या नूतनीकरणाचा करार युक्रेनशी झाला. २०१४ मध्ये युक्रेन आणि रशिया यांचा संघर्ष पेटला आणि कानपूरच्या दुरुस्ती केंद्रात सुट्या भागांअभावी काम रखडले. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याने दुसऱ्याचा हात कधी थरथरेल याचाही हिशेब ठेवावा लागतो.

इंडोनेशियाने चढलेली पायरी

सी-२९५ चे मूळ शोधीत गेले तर आपण माद्रिदइतकेच बांडुंगलाही पोचतो. स्पेनच्या कासा या कंपनीचे सी-२१२ हे छोटे विमान इंडोनेशियाने १९७६ पासून परवान्यावर बांधावयास घेतले. येथवर त्यांची आणि आपली वाट एकच. परंतु हबीबी या विमानतज्ज्ञाच्या नेतृत्वाखालील त्यांच्या सरकारी कारखान्याने दुसरी पायरी चढली. १९८० च्या सुमारास कासाबरोबर समान भागीदारी करून त्यांनी सीएन-२३५ या नव्या विमानाचा आराखडा संयुक्तपणे केला. १९८३ च्या नोव्हेंबरात स्पेनमधील आणि डिसेंबरात इंडोनेशियातील नमुना उडाला. नावातला ‘सी’ कासाचा आणि ‘एन’ इंडोनेशियाच्या नुर्तानिओचा. तिसरी पायरी म्हणजे संपूर्ण स्वतःचे विमान, एन-२५०. ते १० ऑगस्ट १९९५ रोजी उडाले. परवाना, भागीदारी, स्वतंत्र आराखडा: वीस वर्षांत तीन पायऱ्या. सुहार्तो यांची राजवट हुकूमशाही आणि भ्रष्ट होती, तिची भलामण करण्याचे कारण नाही. पण तेथील अभियंत्यांनी जे साधले ते खरे होते.

मग ते थांबले का? १९९७ चे आशियाई चलनसंकट आले. जानेवारी १९९८ मध्ये सुहार्तो खाली वाकून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या करारावर सही करीत आहेत आणि निधीचे प्रमुख कामदेस्यू हाताची घडी घालून शेजारी उभे आहेत, हे छायाचित्र जगभर छापले गेले. त्या करारातील अटींपैकी एक अट अशी की विमान कारखान्याला मिळणारे सर्व सरकारी साहाय्य बंद करावे. एन-२५० जमिनीवरच राहिले आणि पुढील काही वर्षांत हजारो कामगार आणि अभियंते रस्त्यावर आले. इकडे कासाने सीएन-२३५ ची लांबी सुमारे ३ मीटरने वाढवून, कॅनडाची अधिक शक्तिशाली इंजिने बसवून एकटीने सी-२९५ काढले. ते २८ नोव्हेंबर १९९७ रोजी उडाले. तेच विमान आज आपण विकत घेत आहोत.

पुढे या एका सांगाड्याला किती रूपे मिळाली पाहा. सैन्य आणि माल वाहणारे, पाणबुड्यांचा माग काढणारे सागरी गस्तीचे, हवाई टेहळणीचे, पंखांच्या टोकांना वळण देऊन उंचावरील कार्यक्षमता वाढविलेले, आग विझविण्यासाठी पाणी टाकणारे, आणि कॅनडाने शोध आणि बचाव कार्यासाठी मागवून घेतलेले. मालवाहू विमानाच्या धंद्यातील खरा नफा या आवृत्त्यांतच असतो. मूळ आराखड्याचा खर्च एकदाच होतो, आवृत्त्यांचे उत्पन्न पुढील चाळीस वर्षे येत राहते. जुळणी करणाऱ्याचे काम चाळिसावे विमान बाहेर पडले की संपते. भारतालाही आवृत्त्या लागणारच आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये नौदलासाठी ९ आणि तटरक्षक दलासाठी ६ अशा सी-२९५ वर आधारलेल्या १५ सागरी विमानांच्या खरेदीला संरक्षण मंत्रालयाने प्राथमिक मान्यता दिली. त्यांतील उपकरणे आपल्या संशोधन संस्थांची असतील, ही समाधानाची गोष्ट आहे. पण सांगाड्याला नवे छिद्र पाडावयाचे झाले, तरी मूळ आराखड्याच्या मालकाकडेच जावे लागते. या नोकरीत बढती नसते.

सार्वजनिक क्षेत्राला बंदी कोणी केली?

आता सर्वांत गंभीर मुद्दा. अ‍ॅव्हरोच्या जागी नवे विमान घेण्याची योजना २०१२ मध्ये मंजूर झाली आणि २०१३ मध्ये परदेशी कंपन्यांकडून निविदा मागविण्यात आल्या. त्यांत अशी अट होती की परदेशी कंपनीचा भारतीय भागीदार खासगी क्षेत्रातीलच असला पाहिजे. ज्या कानपूरने ८९ अ‍ॅव्हरो बांधली त्याला त्याच अ‍ॅव्हरोचा वारस बांधण्याच्या स्पर्धेत उतरण्याचीही मुभा नव्हती! तेव्हा केंद्रात काँग्रेसप्रणीत सरकार होते, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. त्या सरकारातील अवजड उद्योगमंत्री आणि आपल्याच विदर्भातील गोंदियाचे प्रफुल्ल पटेल यांनी या अटीला आक्षेप घेतला होता. तो टिकला नाही. पुढे भाजपप्रणीत सरकारने तीच योजना पुढे चालविली. अखेरीस एअरबस आणि टाटा यांची एकच निविदा उरली आणि २०१५ मध्ये तीच स्वीकारण्यात आली. स्पर्धेच्या नावाने सार्वजनिक क्षेत्राला दूर सारावयाचे आणि स्पर्धक एकच उरला तरी पुढे जावयाचे, याला मुक्त बाजारपेठ म्हणतात की खासगी भांडवलाला दिलेले आंदण म्हणतात, ते उदारीकरणाच्या पुरस्कर्त्यांनीच सांगावे.

विसंगती येथेच संपत नाही. सी-२९५ ज्या कासाने काढले ती कंपनी त्या वेळी स्पेन सरकारच्या मालकीची होती. ज्या एअरबस समूहात ती पुढे सामील झाली त्यात आजही फ्रान्स, जर्मनी आणि स्पेन या सरकारांचा मिळून सुमारे चौथा हिस्सा आहे. अर्थात स्पेनच्या सार्वजनिक क्षेत्राने काढलेले आणि तीन सरकारांची भागीदारी असलेल्या कंपनीने विकलेले विमान आपल्याला चालते. चालत नाही ते फक्त भारताचे सार्वजनिक क्षेत्र. युरोपला जे स्वतःसाठी पथ्यकर वाटते ते आपल्याला कुपथ्य म्हणून सांगितले जाते आणि आपले राज्यकर्ते ते मुकाट्याने गिळतात.

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले आहे: हिंदुस्थान एरोनॉटिक्स मंद आहे, वेळा पाळीत नाही, तिला उत्तेजन देण्यापेक्षा खासगी क्षेत्राला वाव द्यावा. या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. तेथे दिरंगाई आहे, नोकरशाही आहे आणि वायुदलाचा तिच्यावरील रोष पुष्कळदा रास्त आहे. परंतु रोगाचे निदान नीट झाले पाहिजे. अ‍ॅव्हरोचे उत्पादन १९८० च्या दशकाच्या मध्यावर संपले. त्यानंतर त्या वर्गातील नवे मालवाहू विमान काढण्याचे काम कानपूरला मिळाले का? मिळाला तो डॉर्निअर २२८ या लहान विमानाचा आणखी एक परवाना. त्याच्याही तटरक्षक दल आणि नौदलासाठी रडारयुक्त सागरी आवृत्त्या कानपूरने करून दाखविल्या. बेंगळूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचे ‘सारस’ २००४ मध्ये उडाले. मार्च २००९ मध्ये चाचणीत एक नमुना कोसळून तीन वैमानिक-अभियंते गेले आणि काम वर्षानुवर्षे थंडावले. रशियाबरोबर संयुक्तपणे मालवाहू विमान काढण्याचा करार २००७ मध्ये झाला, तोही दशकभर रखडून बारगळला. आराखडा करणारे अभियंते गव्हासारखे कोठारात साठविता येत नाहीत. एका विमानातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे असे काम सतत मिळाले तरच ती विद्या टिकते. तीस वर्षे काम द्यावयाचे नाही आणि मग काम येत नाही म्हणून हिणवावयाचे, हा न्याय नव्हे.

वऱ्हाडने हे पूर्वी पाहिले आहे

काही विद्वान विचारतील, सगळेच स्वतः करण्याचा अट्टहास का? ज्याला जे स्वस्तात जमते ते त्याने करावे. तौलनिक लाभाचा हा सिद्धान्त लेखकाने वर्गात कित्येक वर्षे शिकविला आहे. पण त्याची खरी परीक्षा पाहावयाची तर वऱ्हाडात पाहावी. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला, त्यांच्या डोळ्यांसमोर मँचेस्टरच्या गिरण्यांना लागणारा कापूस होता. पुढे लोहमार्ग आले. अकोला, अमरावती, खामगावचे बाजार गजबजले. जिन आणि प्रेस उभ्या राहिल्या. सरकी वेगळी काढून रुईच्या गठाणी बांधणे हे आमचे काम. सूत, कापड आणि नफा दुसरीकडचा. वऱ्हाडात कारखाने नव्हते असे नव्हे. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने होते, त्यांत मजूरही होते. पण मूल्याची साखळी जेथे लांबते तेथे आम्ही नव्हतो. आज विमानाच्या धंद्यात जुळणी कारखान्याचे जे स्थान, तेच कापसाच्या धंद्यात जिनचे स्थान होते.

यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही ‘शकुंतला’ गाडी वऱ्हाडी माणसाला सांगावयास नको. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीने कापूस वाहण्यासाठी काढलेला तो अरुंद लोहमार्ग. रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तरी तो खासगी कंपनीच्याच मालकीत राहिला. गाडी भारतीय रेल्वेने चालवावयाची आणि मोबदला कंपनीने घ्यावयाचा. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढीत होते. रूळ आपल्या भूमीवर, हमाल आपला, उतारू आपला. मालकी मात्र दुसऱ्याची. याचा अर्थ काय, हे मूर्तिजापूरच्या फलाटावरील माणसाला कोणा प्राध्यापकाने समजावण्याची गरज नव्हती.

आणि उलट उदाहरणही विदर्भातच आहे. कापसाच्या गिरण्या मुंबईतच काढाव्यात असा प्रघात असताना जमशेटजी टाटांनी कापूस पिकतो त्या प्रदेशात, नागपूरला, १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. त्याच टाटांच्या वारसांच्या कारखान्याने आज मिहानमध्ये बोइंगच्या विमानांचे जमिनीचे तुळईभाग बनविले आहेत. म्हणजे विदर्भात विमानाचे भाग पूर्वीच आले होते. त्यामुळे अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६४ पासून बाहेर पडणाऱ्या तरुणाला आराखड्याच्या मेजावर जागा मिळाली का? नाही. वडोदऱ्याचा कारखाना मिहानला आला असता तरी याहून फार वेगळे घडले नसते.

वऱ्हाडातील सार्वजनिक क्षेत्राचे काय चालले आहे तेही पाहावे. अचलपूरची फिनले मिल ही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची गिरणी. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तिचे साचे थांबले आणि नंतर कामगारांना ती सुरू व्हावी म्हणून वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत भारत डायनॅमिक्स या सरकारी कंपनीच्या क्षेपणास्त्र कारखान्यासाठी जमीन ठरल्याला दशकाहून अधिक काळ लोटला. अकोल्याचा शिवणीचा विमानतळ १९४३ चा; त्याची धावपट्टी वाढविण्याचे घोंगडे किती काळ भिजत पडले! बेलोऱ्याहून प्रवासी विमान सुरू व्हावयास एप्रिल २०२५ उजाडला. वडोदऱ्याच्या नावाने बोटे मोडणाऱ्या पुढाऱ्यांपैकी कितीजणांनी फिनले मिलसाठी असाच आवाज उठविला, हा प्रश्न मतदारांनी त्यांना विचारावा.

पुढील करार दारात आहे

हा सारा विचार इतिहास उगाळण्यासाठी मांडलेला नाही. अंटोनोव्ह-३२ च्या जागी १८ ते ३० टन माल नेणारे मध्यम मालवाहू विमान घेण्यासाठी हवाई दलाने डिसेंबर २०२२ मध्येच कंपन्यांकडून माहिती मागविली. ब्राझीलची एम्ब्रेअर महिंद्रांशी हातमिळवणी करून पुढे आली आहे, अमेरिकेची लॉकहीड टाटांशी. हा व्यवहार अ‍ॅव्हरोच्या वारसाहून मोठा असणार. आज आपण गप्प बसलो तर उद्या पुन्हा तीच कोनशिला, तीच दोन राज्यांची भांडणे आणि त्याच सहाशे नोकऱ्यांची जाहिरात होईल. आणि २०६० मध्ये कोणीतरी याच पानावर पुन्हा हाच लेख लिहील.

म्हणून समाजवादी कार्यकर्त्यांनी, अभियंत्यांच्या आणि कामगारांच्या संघटनांनी काही मागण्या निःसंदिग्धपणे पुढे केल्या पाहिजेत. एक, सी-२९५ च्या करारात तंत्रज्ञान हस्तांतराच्या ज्या अटी आहेत त्या, सैनिकी गुपिताचा भाग वगळून, संसदेसमोर ठेवाव्यात. कोणते भाग, कोणते आराखडे आणि फेरफाराचे कोणते हक्क भारताला मिळाले ते जनतेला कळले पाहिजे. दोन, पुढील मालवाहू विमानाच्या निविदेत सार्वजनिक क्षेत्राला वगळणारी कोणतीही अट नसावी. तीन, तो व्यवहार केवळ जुळणीचा नसावा. इंडोनेशियाने १९८० मध्ये मिळविली तशी आराखड्यातील भागीदारी आणि आवृत्त्या काढण्याचा हक्क ही खरेदीची पूर्वअट असावी. एवढी मोठी मागणी नोंदविणाऱ्या देशाला ही अट घालण्याची ताकद असते. नसते ती इच्छा. चार, आराखड्याची कामे बेंगळूर आणि हैदराबाद येथेच कोंडून न ठेवता त्यांतील काही भाग मागास प्रदेशांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांशी जोडावा. १९८४ च्या दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, शाळा यांचा अनुशेष मोजला; ज्ञानाचा अनुशेष अद्याप कोणी मोजलेला नाही.

विदर्भाच्या हक्कासाठी भांडावयाचे तर जरूर भांडावे. पण भांडण कोनशिलेसाठी नको, त्या कागदासाठी हवे ज्यावर विमान प्रथम रेखाटले जाते. तो कागद भारताच्या जनतेच्या मालकीचा झाला, तर त्यावरून बनणारे विमान वडोदऱ्यात जुळवले गेले तरी अकोल्याच्या शेतकऱ्याच्या मुलीला त्यात वाटा मागता येईल. तो कागद परक्याच्याच तिजोरीत राहिला, तर कारखाना थेट अमरावतीच्या वेशीवर उभा राहिला तरी आपण पुन्हा सरकी वेचीतच बसू.